गाळणीबाहेरची पावलं

द्वारका सपकाळचा भाऊ रोज सकाळी सातच्या सुमारास झऱ्यावर पाण्याला निघायचा, आणि ती ते खाली गावात बसून ऐकायची. दोघांचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती.

कोयनेचा फुगवटा लाँचनं ओलांडून तासभर गेलं की मोरणघर लागतं. गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी धारवाडी. पाच घरं, नऊ माणसं, सगळी साठीच्या आसपासची किंवा त्यापुढची. खोऱ्यातले पुरुष तीन पिढ्या मुंबईला जात आले होते. पुढं बायकाही जाऊ लागल्या, मग शाळा बंद झाली. द्वारकाही लग्नानंतर कोपरखैरण्याला होती. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिशीतच ती माहेरी परतली आणि वडिलांच्या खालच्या घरात राहू लागली. भाऊ शिवराम वर धारवाडीत. आई दोघांच्या मधे ये-जा करायची.

मग एका पावसाळ्यात आईला झटका आला. द्वारका म्हणाली, आत्ताच पलीकडे न्यायचं. शिवराम म्हणाला, ह्या वाऱ्यात लाँच निघणार नाही, सकाळी बघू. सकाळपर्यंत आई राहिली नाही. तेराव्याला भरल्या पंगतीत द्वारकाच्या तोंडून गेलं, "आईला तू मारलंस, दादा." शिवराम वाढलेल्या पानावरून उठला. तेव्हापासून तो खालच्या घरी आला नाही आणि ती वर गेली नाही.

पुढं २०३४ साली खोऱ्यात केबल आली. दरडींचा धोका होता म्हणून सरकारनं पुण्याच्या एका कंपनीला काम दिलं होतं. केबल करंगळीएवढी, आत केसासारखी काच. त्या काचेतून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक दोष राहतातच, आणि प्रत्येक दोषावर आपटून किंचितसा प्रकाश मागं फिरतो. जमीन हलली की तिथली काच ताणते, आणि मागं फिरणारा प्रकाश बदलतो. त्या बदलाचा पुन्हा आवाज करता येतो. म्हणजे पुरलेल्या केबलचा दर दोन मीटर हा एक कान. मोरणघरच्या खोऱ्यात एक्केचाळीस किलोमीटर केबल पुरली. वीस हजार कान मातीत लागले.

ऐकायला यंत्र होतं, पण ते परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांवर शिकलेलं. जांभ्या दगडातून पाणी कसं मुरतं, रानगवा माती कशी उकरतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला शिकवायला इथलीच माणसं हवी होती. "गावातच नोकरी" असा फलक बंद शाळेवर लागला. दहावीची अट होती. निवेदिता कर्वे नावाची तरुण इंजिनिअर पुण्याहून येऊन तीन महिने राहिली आणि आठ जणांना तिनं तयार केलं. द्वारका त्यात वयानं सगळ्यात मोठी होती, पण तिचे कान सगळ्यांत तयार निघाले.

ती दोन वर्षं तिच्या आयुष्यातली गजबजलेली वर्षं. शाळेच्या खोलीत कंपनीचं केंद्र, आठ खुर्च्या, आठ हेडफोन. कुणी म्हणायचं "गवा", कुणी "अस्वल", कुणी "पाझर", आणि यंत्र ते लिहून घ्यायचं. दुपारी सगळे आपापले डबे एकाच चटईवर उघडायचे. अंकुश जंगम मुंबईचं काम सोडून ह्या नोकरीसाठी गावी आला होता. त्याच्या बायकोनं पंधरा वर्षांनी घराच्या ओट्याला शेण लावलं, तेव्हा द्वारकाला वाटलं होतं, गाव पुन्हा वसणार.

पण सांगितलेलं प्रत्येक नाव यंत्र शिकत होतं. तिसऱ्या वर्षी ते शंभरातली सत्त्याण्णव नावं बरोबर सांगू लागलं. कंपनीनं कुणाला वाऱ्यावर सोडलं नाही. शिकलेल्या माणसांना बाहेर मागणी होती. अंकुश सिक्कीमला गेला, दोघी पुण्याला, बाकीचे आणखी कुठं कुठं. प्रत्येकाचा पगार वाढला. ज्यांना गावात ठेवायला केंद्र काढलं होतं त्यांना केंद्रानंच बाहेर काढलं, आणि त्यात कुणाचा दोष दाखवावा असंही काही नव्हतं. उरलेल्या तीन टक्क्यांसाठी एक माणूस पुरेसा होता. द्वारका राहिली. आठ खुर्च्यांमधली एक वापरायची, बाकीच्यांवरची धूळ सोमवारी पुसायची.

माणसांचे आवाज ऐकायची मात्र बंदी होती. कायदाच तसा होता. कोण कुठं गेला, कुणाच्या दारात थांबला, हे जमिनीतून कळू लागलं तर लोकांनी जगावं कसं? म्हणून यंत्रात एक गाळणी बसवलेली. माणसाचं चालणं ओळखू आलं की ते तिथल्या तिथं पुसलं जायचं. द्वारकाच्या कानात गवे यायचे, पाणी यायचं, दगड यायचे. माणूस यायचा नाही.

तपासणीसाठी तासाभरापुरती गाळणी बंद करता यायची. गेल्या कार्तिकात एका सकाळी तिनं ती बंद केली आणि धारवाडीच्या वाटेवर कुणीतरी चाललेलं ऐकलं. उजवं पाऊल जड, डावं जरासं ओढल्यासारखं, मधे काठीचा टोला. ओळखायला तिला दुसरं पाऊलही लागलं नाही. वहिनी नातवंडांना सांभाळायला डोंबिवलीला लेकाकडे गेली ती तिकडचीच झाली होती. दादा स्वतः हंडा घेऊन निघाला होता. येताना भरला हंडा खांद्यावर, पाऊल खोल. वाटेत वळणावर तो थांबला. चारेक मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग पुन्हा पावलं, दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तपासणी लावली, तिसऱ्या दिवशीही. पुढं ते रोजचंच झालं. चहाचा कप घेऊन ती सातला बसायची आणि वीस मिनिटं भावाबरोबर चालायची. त्याला ताप आला तेव्हा दोन दिवस पावलं आली नाहीत, तर तिला घास गेला नाही. पण वर जाऊन विचारावं, तर आपल्याला कळलं कसं हे काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी काठी वाजली तेव्हा ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "आला बाई." रेकॉर्डिंग ती पुसत नव्हती. "पाझर" नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवत होती. आणि त्या वळणावरच्या चार मिनिटांबद्दल ती पुष्कळ विचार करायची. तिथून शाळेचं छप्पर दिसतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आषाढ संपता संपता सलग अकरा दिवस पाऊस लागला. एका सकाळी ऐकताना तिला वाटलं, दादाचं चालणं बिघडलंय. पाऊल पडायचं, पण आवाज भरीव येत नव्हता. ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा यायचा. तिनं दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन ऐकलं. चालण्याचा ताल तोच होता. काठी तीच. बदलला होता तो मागून येणारा आवाज.

तिला निवेदिता मॅडमनी शिकवलेलं आठवलं. घट्ट जमिनीतून कंप पळतो, सुटलेल्या जमिनीतून रेंगाळतो. शहराजवळच्या डोंगरांवर यंत्र हे गाड्यांवरून मोजतं. रोज त्याच रस्त्यावर त्याच गाड्या, त्यांचा हादरा पलीकडच्या कानापर्यंत किती वेळात पोचला ते बघायचं. धारवाडीला रस्ता नव्हता, गाडी नव्हती. तिथं रोज त्याच वेळी, त्याच वाटेवर हादरा देणारी एकच गोष्ट होती. दादाची पावलं. आणि ती गाळणीत पुसली जात होती.

केबल धारवाडीच्या वाटेखालून जाऊन वळसा घालून घरांच्या मागं यायची. द्वारकानं "पाझर" उघडली आणि कार्तिकापासूनची एकेक सकाळ मोजायला घेतली. वाटेवर पाऊल पडल्यापासून घरांमागच्या कानात ते उमटेपर्यंत कार्तिकात सेकंदाच्या हजारातले दीडशे भाग लागत होते. वैशाखातही दीडशेच. गेल्या सोमवारी एकशे अठ्ठावन्न. आज एकशे सत्तर. माणूस तोच, वाट तीच. मधली माती सुटत चालली होती. पाच घरांच्या मागचा उतार आतून मोकळा होत होता.

तिनं यंत्राचा अहवाल पाहिला. धारवाडी उतार: ताण मर्यादेत. इशारा नाही.

त्या दिवशी तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. पुढं आयुष्यभर तिला त्या एका दिवसाची लाज वाटत राहिली. पुरावा दाखवायचा तर तो कुठून आला हे सांगावं लागणार होतं. नोकरी जाणार, हे उघड होतं. पण तिला त्याहून मोठी भीती होती ती दादाला कळण्याची. उद्या पाऊस थांबेल, आकडा खाली येईल, असं स्वतःला सांगत ती बसून राहिली. पाऊस थांबला नाही. सकाळी आकडा एकशे एक्क्याऐंशी होता. तिनं पुण्याला फोन लावला.

निवेदितानं आकडे पाहिले, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले.

"द्वारकाताई, हे चालणारं कोण आहे?"

"माझा भाऊ."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"किती दिवसांपासून?"

"कार्तिकापासून."

"अहो ताई, काय केलंत हे तुम्ही..." तिचा आवाज दबला. "मला वरती कळवावं लागेल. तुमच्याबद्दलही. ते मला लपवता येणार नाही."

"कळवा ना. पण आधी माणसं हलवा मॅडम, मग मला काढा."

तहसीलमधून तासाभरात उत्तर आलं. यंत्राचा इशारा नसताना सक्तीनं घरं रिकामी करता येत नाहीत. लोक स्वतःहून निघत असतील तर खालच्या मंदिरात सोय करू. आणि धारवाडीतले बाकीचे आठ जण शिवराम उठल्याशिवाय उठणार नाहीत, हे द्वारकाला सांगायला तहसीलदार नको होता.

ती इरलं घेऊन निघाली. कार्तिकापासून ती वाट तिनं कानांनी रोज केली होती, पायांनी अकरा वर्षांत एकदाही नाही. झऱ्याजवळ दगड निसटते झाले होते. वळणावर आली तेव्हा तिला धाप लागली होती. तिथं थांबून तिनं खाली पाहिलं. धुक्याच्या फटीतून शाळेचं छप्पर दिसत होतं, अगदी स्पष्ट. तिच्या खिडकीतला दिवासुद्धा.

शिवराम ओटीवर बसून काठीला नवी लोखंडी टोपी ठोकत होता. तिला पाहून त्याचा हात थांबला.

"काय गं?" एवढंच तो म्हणाला.

"दादा, मागचा डोंगर सुटलाय. आजच्या आज खाली चला सगळी."

"कुनी सांगितलं? मशिनीनं?"

"मशीनला कळलेलं नाही. मला कळलंय."

"कशावरनं?"

तिनं सांगितलं. इरल्यावरून पाणी तिच्या पायांशी निथळत होतं आणि ती सांगत होती. कार्तिकापासून. रोज सकाळी. तू निघाल्यापासून परत येईपर्यंत. शिवरामनं हातोडी खाली ठेवली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"चोरून ऐकत हुतीस? आठ-नऊ म्हयने?"

"हो."

"त्यापरीस येकदा वर आली असतीस तर तंगडी मोडली असती तुजी?"

द्वारकानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आत ती म्हणून गेली, "तू वळणावर थांबतोस ना रोज. चार मिनिटं."

"थांबतो. तितं रेंज येती. बाळ्याला फोन लावतो डोंबिवलीला."

"हां," द्वारका म्हणाली.

पाऊस पन्हाळीतून धो धो पडत होता. आत चुलीवर काहीतरी करपल्याचा वास आला, पण तो उठला नाही. तिच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते बोललं की तो हलला असता किंवा कायमचा तुटला असता. तिनं ते गिळलं. शिवराम तिच्या तोंडाकडे बघत होता.

"सकाळी बघू, असं ह्या खेपेला म्हनायचं न्हाय," तो हळू म्हणाला. "असंच ना?"

"मी तसं काही म्हटलं नाही, दादा."

"तू न्हाय म्हटलंस." त्यानं काठी उचलली आणि गुडघ्यावर हात टेकून तो उभा राहिला. "पर मला ऐकू आलं."

तो पावसात तसाच पलीकडच्या घरापाशी गेला आणि त्यानं हाक दिली, "ओ तात्या, उठा. गाठोडं बांधा."

संध्याकाळच्या आत नऊ माणसं, चार म्हशी आणि एक पेटीभर देव खाली आले. पहिले तीन दिवस लोक द्वारकाला काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी कुरकुर सुरू झाली. सहाव्या दिवशी तात्या परत जायला निघाले, त्यांना शिवरामनं हाताला धरून बसवलं. नवव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी सव्वातीनला धारवाडीमागचा उतार खाली आला. पाऊस तेव्हा उघडला होता, ऊनही पडलं होतं. मोठा आवाज झाला नाही. खालून बघणाऱ्यांना डोंगर अंगावरची घोंगडी खाली सोडतोय असं वाटलं. माती थांबली तेव्हा पाचही घरं दिसत नव्हती. यंत्राचा इशारा चाळीस सेकंद आधी आला होता.

पुढं बातम्या आल्या, माणसं आली, चौकशी आली. माणूस एकही गेला नाही म्हणून सत्कार झाला आणि कायदा मोडला म्हणून नोकरी गेली, दोन्ही एकाच आठवड्यात. रेकॉर्डिंगचं काय करायचं हा प्रश्न होता. ज्याची पावलं त्याची संमती नसेल तर पुसायची, असा नियम. निवेदिता कागद घेऊन शिवरामकडे आली.

"ह्यावरनं दुसऱ्या डोंगरांचं कळंल?" त्यानं विचारलं.

"कळेल, काका. खूप ठिकाणी."

"मग पुसताय कशापायी?" म्हणून त्यानं सही केली.

गणपती झाल्यावर बाळ्या बापाला न्यायला आला. द्वारका धक्क्यावर गेली. तिनं तांदळाचं पीठ आणि नाचणीचे पापड बांधून दिले. बहीण-भाऊ लाँच येईपर्यंत शेजारी उभे होते. अकरा वर्षांचं बोलायचं होतं, आणि धक्क्यावर उभ्यानं ते कुठून सुरू करावं हे दोघांनाही समजत नव्हतं. शिवरामनं एकदा विचारलं, म्हशी कुणाला दिल्या. तिनं सांगितलं. मग लाँच आली. चढताना त्याचा तोल गेला, तिनं कोपराला धरलं, त्यानं धरू दिलं. लाँच वळसा घेऊन बेटाआड जाईपर्यंत तो मागं वळून बघत होता की नाही हे तिला दिसलं नाही. उन्हानं पाणी चकाकत होतं.

धारवाडीतले बाकीचेही एकेक करून पोरांकडे गेले. मग वरच्या अंगाच्या दुसऱ्या दोन वाड्या उठल्या. दरडीची दहशतच तशी बसली होती.

माघात निवेदिता पुन्हा आली. द्वारका अंगणात वाल निवडत होती.

"ताई, तुमची पद्धत आता सगळीकडे लावतोय," ती म्हणाली. "कायदा बदलला. संमती घेऊन पावलं वापरता येतात. सिक्कीममध्ये अंकुशनं तीन गावं वेळेवर हलवली."

"बरं झालं."

"पण इथंच अडलंय. इथं यंत्राला काही कळत नाही."

"का?"

"कोणी चालतच नाही ना आता." तिनं वालाची एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती धरून ठेवली. "डोंगर अजून तेवढाच धोक्याचा आहे. खाली मोरणघरात तेवीस माणसं आहेत. यंत्राला ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळी, रोज एकाच माणसाचं चालणं हवंय. आम्ही चालणारं यंत्र आणून बघितलं, ते निसरड्यात दोनदा पडलं. पगार पहिल्याएवढाच आहे."

"म्हणजे मी नुसतं चालायचं?"

"नुसतं चालायचं. सात किलोमीटर."

"आणि ऐकणार कोण?"

निवेदितानं खाली पाहिलं. "ऐकायला आता कोणी लागत नाही, ताई."

द्वारकानं दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. तेवीस माणसांत तिला स्वतःला धरलं होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

तिला बूट दिले, कुठंही लागणारा एक फोन दिला, वजन ठरावीक राहावं म्हणून पाठीवर मोजून सहा किलोची पिशवी दिली. रोज सकाळी सातला ती शाळेपासून निघायची. खालची आळी, झरा, मग रिकाम्या वाड्या. कौलं उतरलेली घरं, दारातल्या तुळशी वाळलेल्या, एका ओट्यावर कुणाची तरी चप्पल. गवे आता तिला बिचकत नव्हते. पहिले काही दिवस तिला कुणीतरी मागं आहेसं वाटायचं. नंतर तेही वाटेनासं झालं. कधी ती मुद्दाम पाय आपटायची, पण यंत्र त्याला उत्तर द्यायचं नाही. संध्याकाळी फोनच्या पडद्यावर एक ओळ यायची: आजचं चालणं मिळालं.

चैत्रात एकदा, जिथं धारवाडी होती तिथं पोचल्यावर ती थांबली. दरडीच्या तांबड्या मातीवर गवताची कोवळी लव आली होती. तिनं डोंबिवलीला फोन लावला. बाळ्याच्या पोरीनं उचलला आणि आजोबांना दिला. मागं टीव्ही चालू होता.

"कोन?"

"मी, दादा."

"कुठनं बोलतीस?"

"वर आलेय. आपल्या घरापाशी."

टीव्हीचा आवाज कमी झाला.

"संगं कोन हाय?"

"कोणी नाही."

"रोज येकटीच?"

"रोजच."

"हितं बी तसंच हाय," शिवराम म्हणाला. "अकरावा मजला. चालायला जागा न्हाय." मग तो आणखी काही म्हणेल म्हणून ती थांबली. पलीकडे पोरीनं काहीतरी विचारलं, त्यानं तिला उत्तर दिलं, मग पुन्हा फोनवर आला. "उतरताना डाव्या अंगानं उतर. तिकडची माती कच्ची आसंल अजून."

"बरं."

"आन् पाय जपून टाक."

तिनं फोन पिशवीत ठेवला, पट्टे घट्ट केले आणि डाव्या अंगानं उतरायला लागली. अजून साडेतीन किलोमीटर चालायचं बाकी होतं.